नगरसेवकांनो, आधी कॉट मोजा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेतली स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची वस्ती आता हंगामी राहिलेली नाही. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, सोलापूर, जळगाव इथून मुलंमुली येतात, दोन-चार वर्षं काढतात आणि जातात. मुलं बदलतात, कॉट, म्हणजे सामायिक खोलीत एका माणसाला भाड्याने दिलेली झोपायची जागा, तीच राहते. त्यामुळे तक्रारीही त्याच राहतात: पाणी पुरत नाही, ड्रेनेजचं चेंबर तुंबतं, कोपऱ्यावर कचरा साचतो, रात्री आवाज होतो, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेची निवडणूक झाली आणि मार्च २०२२ पासून चाललेल्या प्रशासकीय कारभारानंतर शहराला पुन्हा नगरसेवक मिळाले. या तक्रारी आता त्यांच्या टेबलावर आहेत. त्या कशा हाताळाव्यात याबद्दल आम्हाला काही नेमकं सांगायचं आहे.

आमचं म्हणणं एका वाक्याचं आहे. आपल्या प्रभागात कॉट किती आहेत, हे नगरसेवकांनी सगळ्यात आधी मोजून घ्यावं. हा आकडा आज कोणाच्याच दप्तरात नाही. प्रभागरचना २०११ च्या जनगणनेवर झालेली आहे. मतदार यादीत या मुलांची नावं गावाकडे आहेत. मिळकतकराच्या नोंदीत बरीच घरं अजून मालकाच्या स्वतःच्या वापरात आहेत. सोसायटीच्या रजिस्टरला फ्लॅटमागे एक सभासद आहे. भाडेकरार असलाच तर तो एका चालकाच्या नावावर असतो आणि तो चालक पुढे दहा-बारा जणांना कॉट देतो. म्हणजे बारा माणसं राहतात त्या फ्लॅटमध्ये कागदोपत्री एक कुटुंब राहतं, आणि पाण्याची टाकी, ड्रेनेजचा पाइप, कचऱ्याची बादली, जिना या सगळ्याचं माप त्या एका कुटुंबाचं असतं. मुलांना समज देऊन यातलं काहीही बदलत नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. पाच जणांच्या घराला ६७५ लिटर लागतात, बारा कॉटच्या फ्लॅटला १६२०. फरक झाला ९४५ लिटरचा. असे दहा फ्लॅट एका गल्लीत असले तर रोज जवळपास दहा हजार लिटरचा एक टँकर जास्तीचा लागतो. नळाला पाणी येण्याची वेळ ठरलेली, खालची टाकी जुन्या नकाशाप्रमाणे बांधलेली, त्यामुळे पाणी कमी दाबाने आलं की वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना दुपारी कोरडे नळ मिळतात आणि राग मुलांवर निघतो. सोसायट्यांमध्ये पाण्याचं शुल्क नळांच्या संख्येवर आकारायची पद्धत आहे, माणसांच्या संख्येवर नाही. बारा जणांचा फ्लॅट आणि दोघांचा फ्लॅट सारखेच पैसे भरतात. इथे नगरसेवकाने टँकर पाठवून मोकळं होऊ नये. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून फ्लॅटवार मीटर बसवायला लावावेत. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापलीकडे पैसे उकळणं किंवा ‘बॅचलरना बंदी’ अशी पाटी लावणं, याने पाण्याचा प्रश्न सुटत नाही. मीटरने सुटतो.

टाकीचं आणखी एक आहे. पाणी अपुरं पडलं की मुलं पिंप आणि बादल्या भरून ठेवतात, सुट्टीत गावाला जातात आणि पिंप तसंच राहतं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात नवी मुलं येण्याची वेळ आणि डासांची वेळ एकच. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या मरत नाहीत. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून आतून घासून कोरडं करणं, एवढाच खरा इलाज आहे. हे त्या कॉटवर राहणाऱ्याला कोणी तरी जाऊन सांगावं लागतं.

आता चेंबर. पेठांमध्ये ‘ड्रेनेज तुंबलं’ ही तक्रार आली की नगरसेवकाच्या कार्यालयातून फोन जातो, जेटिंगचं वाहन येतं, पाण्याच्या जोराने लाइन मोकळी होते आणि पंधरा-वीस दिवसांत ये रे माझ्या मागल्या. कारण तुंबण्याचं मूळ त्या रस्त्यावरच्या चेंबरमध्ये नसतंच. घरगुती स्वयंपाकघराच्या चार इंची पाइपवर शंभर-दीडशे डब्यांची खानावळ चालते. रश्श्याचं तेल गरम पाण्याबरोबर वाहत जातं, पुढे थंड पाइपमध्ये थिजतं, त्यावर भाताची शितं आणि चहाचा चोथा चिकटतो. काही महिन्यांत चार इंचांचा पाइप दीड इंचाचा होतो. जेटिंगने त्या थराला भोक पडतं, थर निघत नाही. इमारतीच्या चेंबरपासून महापालिकेच्या चेंबरपर्यंतची जोडणी मालकाच्या जबाबदारीची असते, तिला तर कोणी हातच लावत नाही.

उपाय महाग नाही. सिंकखाली दोन कप्प्यांचा ग्रीस ट्रॅप बसवायचा. पहिल्या कप्प्यात खरकटं जाळीवर अडतं, दुसऱ्यात पाणी संथ होऊन तेल वर तरंगतं आणि खालून पाणी पुढे जातं. वरचा थर आठवड्यातून निदान दोनदा काढावा लागतो. तो नाही काढला तर ट्रॅप असून नसल्यासारखा. भांडी घासण्याआधी कागदाने किंवा रबरी खरवडणीने पुसून घेतली तर निम्मं काम तिथेच होतं. तळणीचं जळकं तेल सिंकमध्ये ओतायचंच नाही, डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्या अधिकृत संकलकाला द्यायचं. खानावळीच्या नोंदणीचा विषय अन्न व औषध प्रशासनाचा आहे, ते राज्य सरकारचं खातं आहे, ड्रेनेज महापालिकेचं. दोन्हीकडचे अधिकारी एका टेबलावर बसल्याशिवाय खानावळवाल्याला एक सरळ यादी मिळत नाही, मग तो नुसता दंडाची वाट बघत बसतो. खानावळी बंद पाडा, अशी मागणी आम्ही करणार नाही. बहुतेक खानावळी घरच्या बायका चालवतात आणि त्यांच्या डब्यावर मुलांचं पोट आहे. त्यांना ट्रॅप कुठला घ्यायचा, कसा साफ करायचा हे दाखवणारा माणूस हवा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा पिण्याच्या पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तेच लक्ष खानावळीच्या पाण्याकडे कायम असायला हवं. नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरलेलं असावं लागतं. थेंबभर औषध टाकून रंग बघण्याची ही तपासणी दोन मिनिटांची आहे. आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्याने ती रस्त्यावरच्या नळाला न करता, खानावळीत जिथून पिंप भरतात त्या नळाला करावी.

कचऱ्याच्या बाबतीत मुलांवर होणारा आरोप अर्धाच खरा आहे. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई सकाळी आठ-नऊच्या सुमारास दारावर येतात. त्या वेळी रात्री दोनपर्यंत जागलेली मुलं झोपलेली असतात, नाही तर सहालाच अभ्यासिकेत जाऊन बसलेली असतात. दार बंद, म्हणून कचरा जिन्यात. जिन्यातला कचरा शेजारी खाली ढकलतात, आणि संध्याकाळी खोलीवर परतणारा कोणी तरी तो पिशवीत घालून कोपऱ्यावर टाकतो. महापालिकेच्या भाषेत असा कोपरा ‘क्रॉनिक स्पॉट’ होतो. तिथे रांगोळी काढली, कुंड्या ठेवल्या, फलक लावला, तरी आठवड्यात कचरा परत येतो, कारण ज्या दारातून तो निघाला ते दार सकाळी बंदच असतं.

इथे दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. कचरावेचकाला शुल्क मिळतं ते फ्लॅटमागे. बारा जणांचा कचरा, त्यात पार्सलचे डबे, प्लास्टिकच्या वाट्या, आणि पैसे एका घराचे. तिने तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्यांदा का चढावं? कॉटवर चालणाऱ्या फ्लॅटला कॉटच्या हिशोबाने शुल्क ठरवावं, तळमजल्यावर ओला आणि सुका असे झाकणाचे दोन मोठे डबे चालकाने ठेवावेत, आणि अशा इमारतींसाठी कचरा उचलण्याची एक फेरी दुपारी किंवा संध्याकाळी असावी. मुलींच्या फ्लॅटमध्ये सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्यायची पद्धत पुण्यात वर्षानुवर्षं सांगितली जाते. नव्याने आलेल्या मुलीला ती माहीत नसते, म्हणून पॅड कमोडमध्ये जातं आणि पुन्हा चेंबर. न्हाणीघराच्या दारामागे जुन्या कागदांची चळत आणि एक लाल पेन टांगून ठेवलं, तर हे थांबतं.

रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तक्रार ‘निकाली’ कशी निघते हे त्यात स्पष्ट दिसतं. गल्लीत अंधार आहे, अशी तक्रार महापालिकेच्या ॲपवर टाकली की ती विद्युत विभागाकडे जाते. माणूस येतो, दिवा लागतोय का बघतो. दिवा लागलेला असतो. तक्रार बंद. अंधार मात्र तसाच असतो, कारण दिव्यापुढे झाडाची फांदी आलेली असते आणि फांदी उद्यान विभागाची. फांदीला हात लावायला वेगळा अर्ज, वेगळी परवानगी. म्हणून तक्रार करताना खांबावर रंगवलेला क्रमांक लिहावा, खांबाचा आणि खाली पडणाऱ्या सावलीचा रात्री काढलेला फोटो जोडावा, आणि ‘दिवा बंद’ न लिहिता ‘दिव्यापुढे फांदी, छाटणी हवी’ असं लिहावं. टोकन क्रमांक जपून ठेवावा आणि तक्रार न सुटता बंद झाली तर तोच क्रमांक देऊन पुन्हा उघडायला लावावी. नगरसेवकाने महिन्यातून एकदा रात्री अकराला, अभ्यासिका सुटायच्या वेळी, विद्युत आणि उद्यान अशा दोन्ही खात्यांच्या माणसांना बरोबर घेऊन त्या गल्लीतून चालत जावं. दिवसा पाहणी करून अंधार दिसत नाही.

हा विषय मुलींच्या जिवाचा आहे. २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. तेव्हा तिला वाचवायला धावले ते अभ्यासासाठी इथे राहणारे तरुणच. या मुलांना पाहुणे किंवा उपद्रव समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नगरसेवकांनी पोलिसांकडे दामिनी पथकाच्या, म्हणजे महिलांच्या सुरक्षेसाठीच्या गस्ती पथकाच्या, फेरीची वेळ अभ्यासिका सुटण्याच्या वेळेशी जुळवून मागावी, आणि रात्री सुरू राहणारं एक तरी स्वच्छ महिला स्वच्छतागृह या परिसरात असेल, हे बघावं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आगीची. नऊ बाय बाराची खोली, त्यात चार कॉट, मधे प्लायवूडचा आडोसा, कॉटखाली बॅगा आणि पुस्तकांचे गठ्ठे, दाराशी चपलांचा ढीग. खिडकीला पक्की लोखंडी जाळी. इमारतीला जिना एकच, जिन्याखाली वीजमीटरचं पॅनेल आणि त्याला टेकून पाच-सहा दुचाकी. मीटरपाशी ठिणगी पडली की आधी दुचाकी पेटते आणि धूर सरळ जिन्यातून वर चढतो. म्हणजे बाहेर पडायची एकमेव वाटच आधी बंद होते. ठिणगी का पडते? दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी जवळपास नऊ अँपिअर प्रवाह ओढते. ती सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावतात, त्याच बोर्डावर इस्त्री आणि चार चार्जर. बोर्डाची वायर तापते, वरचं आवरण मऊ होतं आणि एका रात्री आतल्या तारा एकमेकींना लागतात.

यात महिन्याभरात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. शेगडीसाठी भिंतीत सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि त्यावर योग्य क्षमतेचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज आपोआप तोडणारं बटण. मीटरच्या पॅनेलपासून दुचाकी हलवणं. प्रत्येक खोलीच्या एका तरी जाळीत आतून कडी काढून उघडणारी झडप; तिला कुलूप लावायचं नाही. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एबीसी पावडरचा अग्निशामक, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना आणि पुन्हा भरण्याची तारीख उलटली नाही ना, हे बघायचं. ज्या इमारतींत आगप्रतिबंधक यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे, त्यांना २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून तपासून ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. नगरसेवकाने प्रभागातल्या अशा इमारतींची यादी मागावी आणि कोणाचं प्रमाणपत्र आलं नाही ते विचारावं. एवढं विचारलं तरी कागद हलतो.

अभ्यासिकांना तर वेगळा नियमच नाही. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत कोचिंग क्लाससाठी विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा सांगितली आहे. पण अभ्यासिका म्हणजे क्लास नव्हे, त्यामुळे ती त्यातूनही सुटते. टेबलांच्या दोन रांगांमधून खुर्ची मागे सरकवल्यावर माणूस जाऊ शकत नाही, अशा जागा आहेत. रात्री उशिरा कोणी येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढून आतून कडी लावतात. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी तळघरातल्या ग्रंथालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी मेले, ते तळघर अभ्यासासाठी नव्हतंच. आपल्याकडे तळघरातली अभ्यासिका एक जरी असली तरी ती वर हलवायला लावणं हे नगरसेवकाचं पहिलं काम आहे. इतर ठिकाणी निदान दोन वाटा, बाहेरच्या बाजूला उघडणारं निदान मीटरभर रुंदीचं दार, आणि वीज गेल्यावर लागणारे दिवे. पेठांतल्या महापालिकेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळनंतर मोकळ्या असतात. त्यांचे वर्ग रात्री अकरापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडले, तर खासगी जागांवरची गर्दी कमी होईल आणि गरीब मुलाचे पैसेही वाचतील.

आवाजाबद्दल कायदा स्पष्ट आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबलची. रात्री बाराला चौकात केक कापून फटाके उडवणाऱ्यांसाठी ११२ वर फोन करावा, त्यात संकोच नको. पण रोजचा त्रास त्या केकचा नसतो, इमारतीच्या डक्टचा, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीचा असतो. वाडे पाडून बांधलेल्या इमारतींत न्हाणीघरांच्या खिडक्या एका अरुंद डक्टमध्ये उघडतात. त्यात कोणी रात्री एकला घरी फोनवर बोललं की तिन्ही मजल्यांवर शब्द न्‌ शब्द ऐकू येतो. बोलणाऱ्याला हे माहीतही नसतं. फोनसाठी गच्ची किंवा पार्किंगचा एक कोपरा ठरवून दिला आणि डक्टकडची खिडकी रात्री बंद ठेवायला सांगितलं, तर अर्धी भांडणं मिटतात. दुचाकींचं थोडक्यात एवढंच, की सम-विषम तारखांचे पुसट झालेले फलक नव्याने लावावेत आणि अग्निशमन दलाची गाडी वळेल एवढं तोंड प्रत्येक बोळाचं पट्टे मारून मोकळं ठेवावं.

आता मोजणी कशी करायची ते. मिळकतकर खात्याचे पेठ निरीक्षक आणि आरोग्य निरीक्षक रोज याच गल्ल्यांत फिरतात. एका पानाचा तक्ता पुरे: इमारत, मजला, फ्लॅट, कॉटची संख्या, न्हाणीघरं आणि संडास, टाकीचं माप, स्वयंपाक होतो का, बाहेर पडायच्या वाटा, मालक किंवा चालकाचा फोन. मुलामुलींची नावं या तक्त्यात अजिबात नकोत. कोणत्या फ्लॅटमध्ये किती मुली राहतात याची यादी बाहेर फुटली तर त्याचे परिणाम फार वाईट होतील. नावानिशी माहिती पोलिसांकडे भाडेकरू नोंदणीत जाते, तेवढं पुरे. मोजणी वर्षातून दोनदा व्हावी, जुलै आणि जानेवारीत, कारण परीक्षांच्या वेळापत्रकाप्रमाणे कॉट भरतात आणि रिकाम्या होतात.

मालक खरी संख्या का सांगत नाहीत, हे उघड आहे. मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते, घर भाड्याने दिलं की ती जाते. मोजणीचा पहिला कागद वसुलीचा आहे अशी समजूत झाली, तर कॉट रातोरात गच्चीवर जातील आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर मुलांना खोल्या खाली करायला सांगितलं जाईल. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे, की पहिली मोजणी सुरक्षिततेसाठी आहे असं जाहीर करावं आणि कराची नोंद स्वतःहून दुरुस्त करायला मालकांना ठरावीक मुदत द्यावी. मुदत संपल्यावर मात्र सवलत काढावी. भाडं घ्यायचं आणि सवलतही ठेवायची, हे चालू देऊ नये.

भाडेकराराबद्दल पुण्यात एक गैरसमज पक्का बसला आहे, की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, म्हणजे नुकसान मालकाचंच. खर्च बघा: महिना तीस हजार भाड्याचा फ्लॅट अकरा महिन्यांसाठी घेतला तर एकूण भाडं तीन लाख तीस हजार. त्यावर पाव टक्का मुद्रांक म्हणजे ८२५ रुपये, शहरी भागात नोंदणी शुल्क १००० रुपये, वर अनामत रकमेवरची किरकोळ भर आणि ऑनलाइन दस्त हाताळणीचा खर्च. सहा जणांत वाटलं तर डोक्यावर चारशेच्या आतच येतात. सगळ्यांची नावं एकाच करारात घालता येतात.

या कागदाचा मुलांना आणखी एक उपयोग आहे. जिथे नेहमी राहतो तिथे मतदार म्हणून नाव लावता येतं, आणि नमुना ६ सोबत नोंदणीकृत भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. गावाकडचं नाव हलवायचं असेल तर नमुना ८. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, त्यामुळे हा निर्णय ज्याचा त्याने करायचा. मतदार नसला तरी तो नगरसेवकाच्या प्रभागातला नागरिक आहेच, पण यादीत नाव आलं की त्याचा अर्ज बाजूला ठेवायचं एक कारण कमी होतं.

अर्ज करणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावं. आपल्या प्रभागात चार नगरसेवक असतात आणि ते आपापसांत गल्ल्या वाटून घेतात, मग ‘तो भाग माझ्याकडे नाही’ अशी टोलवाटोलवी होते. अशी वाटणी कायद्यात कुठेही नाही. चौघेही पूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी आहेत. म्हणून अर्ज एकच लिहावा, चौघांच्या नावे, प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना, आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. एका अर्जात एकच विषय. पाणी, कुत्री, आवाज आणि पार्किंग एकाच कागदावर लिहिलं की तो कागद चार खात्यांत फिरतो आणि कुठेच थांबत नाही.

नगरसेवकांनी दरमहा एक बैठक घ्यावी. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, प्रभाग समितीही आहे. नाव कोणतंही द्या, पण बैठकीला ड्रेनेज, विद्युत, आरोग्य आणि उद्यान या खात्यांचे अभियंते व निरीक्षक, चौकीतले पोलीस अधिकारी, अन्न व औषध प्रशासनाचा माणूस, ‘स्वच्छ’च्या ताई, सोसायट्यांचे पदाधिकारी, एक खानावळवाली, एक अभ्यासिकाचालक आणि मुला-मुलींचे दोन-दोन प्रतिनिधी हवेत. मुलांना बोलावल्याशिवाय मुलांबद्दल ठराव करू नयेत. प्रत्येक तक्रारीपुढे टोकन क्रमांक, खातं आणि तारीख लिहावी, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या कागदाच्या वाचनाने व्हावी. ज्या कामांना पैसे लागतात, जसे दिव्यांचे खांब, स्वच्छतागृह, शाळेच्या वर्गातली वायरिंग, ती नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकासाठी मुदतीच्या आत सुचवावीत किंवा नगरसेवकांनी आपल्या ‘स’ यादीत, म्हणजे अंदाजपत्रकासाठी सुचवायच्या प्रभागातल्या कामांच्या यादीत, घ्यावीत. जुलैची मोजणी हातात असेल, तर मागणीला आकड्यांचा आधार मिळेल.

हे पेठांपुरतं नाही. कर्वेनगर, धनकवडी-आंबेगाव, विमाननगर इथेही तक्ता हाच लागेल, फक्त तिथे वाड्यांच्या जागी टॉवर आहेत.

बैठक मंगळवारी सकाळी अकराला ठेवली तर नोकरी करणारे रहिवासी येऊ शकत नाहीत आणि मुलं अभ्यासिकेत असतात. ती रविवारी रात्री साडेआठला ठेवावी, महापालिकेच्या एखाद्या शाळेच्या सभागृहात, आणि तिची सूचना क्षेत्रीय कार्यालयाच्या फळ्याबरोबरच प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर आणि खानावळीत हात धुण्याच्या जागेसमोर लावावी.

आपले,
सदाशिव व नारायण पेठेतील काही रहिवासी
पुणे ३०